स्टेल्व्हिओचा घाट: घोड्यांसाठी आखलेला रस्ता मोटारीनं चढताना

प्रश्न: आम्ही म्युनिकला राहतो. जुलैमध्ये आई-बाबा पुण्याहून येणार आहेत. त्यांना इटलीतल्या स्टेल्व्हिओच्या घाटातून गाडीनं न्यायचं मनात आहे. एवढी वळणं घालून हा रस्ता कुणी आणि कशासाठी बांधला? तो चालवायला खरंच धोकादायक आहे का?

उत्तर:

जाणं न जाणं तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर ठरणार, म्हणून आधी त्याचं सांगतो. कोरड्या दिवशी, सकाळी लवकर, साध्या लांबीच्या गाडीतून आणि घाईत नसलेल्या माणसानं चालवला तर हा रस्ता धोकादायक नाही. आपल्याकडचा वरंधा किंवा आंबा घाट पावसात उतरलेल्या माणसाला इथल्या चढाची भीती वाटणार नाही. दमवतात ती वळणं. चढ बेताचा आणि वळणं अगदी आखूड, हा या रस्त्याचा स्वभाव आहे. तो तसा का झाला हे कळलं की चालवायचा कसा हेही आपोआप कळतं. म्हणून तुमचे दोन्ही प्रश्न मी एकत्रच घेतो. माझं काम घाटरस्त्यांचंच आहे, सुरुवात कोकणात उतरणाऱ्या घाटांवर झाली आणि पुढे आल्प्समध्ये. त्यामुळे उत्तरात आखणीचं बोलणं जरा जास्त येईल.

1815 साली नेपोलियनचा पराभव झाला, व्हिएन्नाच्या परिषदेत युरोपचा नकाशा नव्यानं आखला गेला आणि लोंबार्डी ऑस्ट्रियाच्या सम्राटाकडे आली. मिलान हे श्रीमंत शहर आता व्हिएन्नाच्या ताब्यात होतं, पण दोघांच्या मध्ये आल्प्स उभे. इन्सब्रुकहून रेशेन खिंडीमार्गे फिन्शगाउ खोऱ्यात उतरता येत होतं. पलीकडे बोर्मिओपासून व्हाल्तेलिना खोरं थेट कोमो सरोवराकडे आणि तिथून मिलानला जात होतं. मधली डोंगराची एक भिंत ओलांडली की सगळा मार्ग सम्राटाच्याच मुलखातून जाणार होता. त्याआधी तिथं जाण्यायेण्याची वाट होती ती शेजारच्या उंब्राइल खिंडीतून, खेचरांच्या पाठीवर माल लादून नेण्याची. पण उंब्राइलचा उत्तरेकडचा उतार स्विस मुलखात पडतो. तोफा, सैन्य आणि टपाल दुसऱ्याच्या दारातून न्यायचं तर दर वेळी त्याची परवानगी लागणार. म्हणून जरा पूर्वेकडची, उंच आणि अवघड, पण पूर्णपणे आपल्या हद्दीतली खिंड निवडली गेली. उंची 2,757 मीटर. चाकाच्या वाहनासाठी एवढ्या उंचीवर रस्ता नेण्याचं धाडस तोवर आल्प्समध्ये कुणी केलं नव्हतं.

सम्राट फ्रान्झ पहिला याच्या हुकमावरून काम 1820 ला सुरू झालं आणि 1825 ला रस्ता खुला झाला. आखणी कार्लो दोनेगानी या लोंबार्ड अभियंत्याची. त्याच सुमाराला स्प्लुगेन खिंडीच्या रस्त्यावरही त्याचं काम चाललं होतं. ना बोगदे खोदायची यंत्रं, ना डायनामाइट (ते चाळीसेक वर्षांनी आलं). होती ती सुरुंगाची दारू, पहारी, घण आणि माणसं. वर्षातले काम करण्याजोगे महिने चारपाच, बाकीचा काळ बर्फ. तरी पाच वर्षांत काम पुरं झालं. आपल्याकडे बोरघाटाचा गाडीरस्ता जॉन माल्कमनं 1830 साली खुला केला. म्हणजे सह्याद्री आणि आल्प्स, दोन्हीकडे घाटात चाक चढलं ते जवळपास एकाच काळात, आणि दोन्हीकडे कारणही तेच होतं: सरकारला आपलं सैन्य, तोफा आणि माल डोंगरापलीकडे वेळेवर पोचवायचा होता.

आता वळणांकडे येतो. नकाशावर ट्राफॉय गाव आणि खिंड यांच्यात सरळ रेघ मारली तर अंतर जेमतेम पाच किलोमीटर भरतं. उंचीतला फरक 1,200 मीटरांच्या वर. सरळ रस्ता नेला असता तर प्रत्येक चार मीटरला एक मीटर चढ आला असता. असा चढ माणूस पायी चढेल, भरलेली गाडी ओढणारा घोडा चढणार नाही. घोड्याला तासन् तास ओढायचं असेल तर दहाबारा मीटरला एक मीटर, यापलीकडे चढ नको. चढ थोडा जास्त झाला तरी तो थांबतो, खूर घसरतात, आणि उतरताना तर गाडीच त्याच्या अंगावर येते. म्हणून दोनेगानीनं पाच किलोमीटरचं अंतर ताणून चौदा किलोमीटर केलं. डोंगर रुंदीला कमी, त्यामुळे ही लांबी एकाच उतारावर इकडून तिकडे घड्या घालूनच बसवावी लागली. प्रत्येक घडीला एक वळण. उत्तरेकडच्या बाजूला अशी 48 वळणं आहेत आणि त्यांना आकडे दिलेले आहेत. खालचं पहिलं वळण 48 नंबरचं, माथ्यावरचं 1 नंबरचं. दर वळणावर आकडा आणि उंची लिहिलेली असते, त्यामुळे अजून किती राहिलं हे मागे बसलेल्यांनाही कळत जातं. दक्षिणेला बोर्मिओकडे उतरताना तीसहून अधिक वळणं आहेत, पण ती दोनतीन ठिकाणी गुच्छानं येतात.

घाटाच्या पायथ्याच्या प्राड गावापासून माथ्यापर्यंतचा रस्ता 24.3 किलोमीटरचा आणि चढ सुमारे 1,800 मीटरचा. सरासरी काढली तर साडेसात टक्क्यांच्या आतच येते. याच्याशेजारी ऑस्ट्रियातला ग्रोसग्लॉकनरचा रस्ता ठेवून पाहा. तो फ्रान्झ वालाक या अभियंत्यानं 1930 ते 1935 मध्ये बांधला, आणि तोही सहलीला येणाऱ्या मोटारींसाठी. तिथं चढ 12 टक्क्यांपर्यंत बिनधास्त घेतला आहे, कारण इंजिनाला तो झेपतो. वळणं मात्र मोजकी आणि ऐसपैस, कारण मोटार लांब असते आणि वेगात येते. घोड्याचा हिशोब याच्या नेमका उलटा होता. घोडागाडीची पुढची चाकं जोखडासकट जागच्या जागी फिरतात, म्हणून तिला वळायला जागा कमी लागते. चढ मात्र सोसत नाही. स्टेल्व्हिओवर मोठी गाडी घेऊन गेलेला ड्रायव्हर वळणावर अडकतो तेव्हा तो या दोनशे वर्षांपूर्वीच्या हिशोबात अडकलेला असतो.

एक वळण जवळून पाहू, कारण गाडी चालवताना याचाच उपयोग होणार आहे. धरा की वळणाची मधली रेघ 10 मीटर त्रिज्येची आहे. अर्धवर्तुळाची लांबी झाली 31 मीटर. त्यावर 6 टक्के चढ असेल तर वळण संपेपर्यंत रस्ता 1.9 मीटर वर गेला. आता आतल्या कडेनं जाणारं चाक 6 मीटर त्रिज्येवरून फिरतं. त्याला तेच 1.9 मीटर फक्त 19 मीटर लांबीत चढायचे आहेत. म्हणजे त्या चाकासाठी चढ झाला 10 टक्के. त्रिज्या आणखी कमी केली तर आतली कड पायरीसारखी उभी होते. म्हणून आपल्या भारतीय रस्ते मानकांत डोंगरी रस्त्याच्या हेअरपिन वळणावर चढ अडीच टक्क्यांहून जास्त ठेवू नये, आतली त्रिज्या 14 मीटरहून कमी नको आणि दोन वळणांमध्ये किमान 60 मीटर अंतर असावं असं सांगितलं आहे. स्टेल्व्हिओवरची बरीच वळणं या कसोटीला उतरणार नाहीत. उतरण्याचं कारणही नाही, ती मोटारीच्या आधीची आहेत.

इटलीत गाडी उजवीकडून चालते. त्यामुळे चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा उजवं वळण तुमच्यासाठी आतलं असतं, म्हणजे आखूड आणि उभं. डावं वळण बाहेरून फिरतं, ते सोपं जातं. भारतात गाडी शिकलेल्या माणसाचा अंदाज याच्या उलट बसलेला असतो. तुमचे बाबा आयुष्यभर घाटात गाडी चालवत आले असतील आणि इथंही चालवून बघू म्हणतील. त्यांच्या हाताबद्दल मला शंका नाही. पण डोळ्यांना लागलेली डाव्या बाजूची सवय नेमकी 48 वळणांवर मोडायला लावू नका. त्यांना पुढच्या सीटवर बसवा, वळणांचे आकडे मोठ्यानं वाचायला सांगा. शिवाय इटलीत भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवानाही लागतो.

आता थोडं मागे जातो, कारण हा रस्ता बांधून झाल्यावर त्याचं जे झालं ते मला बांधण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. घाटरस्ता एकदा बांधला की काम झालं असं फक्त उद्घाटनाच्या दिवशी वाटतं. स्टेल्व्हिओ सुरुवातीच्या काळात हिवाळ्यातही चालू ठेवत असत, घसरगाड्यांवरून टपाल आणि प्रवासी नेत. त्यासाठी रस्त्याच्या कडेनं ठरावीक अंतरावर दगडी घरं बांधली होती. इटालियनमध्ये त्यांना कान्तोनिएरा म्हणतात. आपल्याकडच्या मैलकुलींचीच ही जात, फरक एवढाच की इथले मैलकुली भिंतीएवढ्या बर्फाच्या मध्ये सहा महिने राहात, वाट खणत आणि अडकलेल्या प्रवाशांना आत घेत. बोर्मिओच्या बाजूनं जाताना आजही ही घरं लागतात, त्यांना ओळीनं क्रमांक आहेत. जिथं बर्फाचे लोट दर वर्षी त्याच वाटेनं खाली येत, तिथं रस्त्यावर लाकडी छपरं घातली होती, लोट छपरावरून दरीत निघून जावा म्हणून. रस्ता बांधणाऱ्या अभियंत्याचं नाव पुस्तकात राहतं. तो वापरात ठेवणाऱ्या या माणसांची नावं कुठं लिहिलेली नाहीत, आणि माझ्या दृष्टीनं रस्ता त्यांचाच होता.

1859 ला सगळं बदललं. लोंबार्डी ऑस्ट्रियाच्या हातून गेली आणि पुढे इटलीच्या राज्यात आली. ज्या खिंडीतून साम्राज्याची दोन टोकं जोडायची होती, तीच आता दोन राज्यांची सीमा झाली. मिलानकडे सैन्य न्यायचं कारण संपलं. हिवाळ्यात बर्फ हटवण्यावर पैसा घालायचं कारणही संपलं. बांधून पस्तीस वर्षंही झाली नव्हती. नंतर आल्प्सखालून रेल्वेचे बोगदे गेले आणि माल तिकडे वळला. स्टेल्व्हिओ उरला तो उन्हाळ्यात हवापालट करायला येणाऱ्यांसाठी आणि सरहद्दीवरच्या जकातनाक्यांसाठी. 1901 मध्ये स्विस बाजूनं उंब्राइलचा गाडीरस्ता येऊन माथ्याच्या जरा खाली याला मिळाला, आणि मग इथं तीन दिशांचे रस्ते एकत्र आले.

खिंडीच्या शेजारीच एक छोटं शिखर आहे. जर्मन, इटालियन आणि रोमान्श बोलणाऱ्यांचे मुलूख तिथं भिडतात, म्हणून त्याला तीन भाषांचं शिखर म्हणतात. 1915 च्या मे महिन्यात इटली ऑस्ट्रियाविरुद्ध युद्धात उतरली आणि या शिखराभोवती रणभूमी झाली. ऑस्ट्रियाच्या सैन्यानं खिंड आणि तिच्यावर नजर ठेवणारं स्कोर्लुत्सो हे तीन हजार मीटरांवरचं शिखर पहिल्या काही दिवसांतच ताब्यात घेतलं आणि युद्ध संपेपर्यंत सोडलं नाही. स्विस सैनिक आपल्या हद्दीत उभं राहून दोघांवर लक्ष ठेवून होते, कारण चुकलेला गोळा तटस्थ देशात पडला तर प्रकरण वेगळ्या वळणाला लागणार होतं. जवळच्या 3,905 मीटर उंचीच्या ऑर्टलर शिखरावर ऑस्ट्रियन सैन्यानं तोफा चढवल्या होत्या. गोळ्यांपेक्षा जास्त माणसं या उंचीवर बर्फाच्या लोटांनी आणि थंडीनं मारली.

स्कोर्लुत्सोवर हिमनदी वितळत गेली तशी अलीकडच्या काळात तिथली एक लाकडी बराक उघडी पडली. कड्यातल्या गुहेत बांधलेली, शंभर वर्षं बर्फानं बंद केलेली. आत सैनिकांच्या गवताच्या गाद्या, शिरस्त्राणं, काडतुसं, वर्तमानपत्रं जशीच्या तशी सापडली. संशोधकांनी ती काळजीनं बाहेर काढली. माथ्यावर उभं राहून आईस्क्रीम खाताना समोरच्या कड्याकडे बोट दाखवून आई-बाबांना हे नक्की सांगा. ती खडकाळ धार पाहिल्यावर तिथं माणसं तीन हिवाळे राहिली यावर विश्वास बसत नाही.

युद्धानंतर 1919 च्या तहानं दक्षिण टिरोल इटलीला मिळालं आणि खिंडीच्या दोन्ही बाजू एकाच देशात आल्या. सीमाही गेली. आता रस्त्याला ना सैनिकी अर्थ होता, ना व्यापारी. असे कितीतरी जुने घाट गवताखाली गेले. हा वाचला तो मोटारी, सायकली आणि बर्फावर घसरणारे यांच्यामुळे. 1935 मध्ये आजूबाजूचा मुलूख राष्ट्रीय उद्यान झाला. माथ्यावरच्या हिमनदीवर उन्हाळ्यातही स्कीइंग होत असल्यानं खेळाडू सरावाला येऊ लागले. आणि 1 जून 1953 ला जिरो द'इतालिया ही इटलीची मोठी सायकल शर्यत पहिल्यांदा या घाटातून गेली. त्या दिवशी फाउस्तो कोप्पीनं चढावर स्विस सायकलपटू ह्यूगो कोब्लेटला मागे टाकलं आणि शर्यत जिंकण्याचा रस्ता मोकळा केला. 1965 पासून जिरोच्या मार्गातल्या सगळ्यात उंच जागेला कोप्पीचं नाव दिलं जातं, आणि मार्गात स्टेल्व्हिओ असला की तो मान त्याचाच. शर्यत असते मेअखेरीला आणि बर्फ तेव्हा कधीकधी वर जिवंत असतो. 2013 ला तर या भागातला टप्पाच रद्द करावा लागला. आल्प्सच्या डांबरी खिंडींत हा दुसऱ्या क्रमांकाचा. फ्रान्समधला इझेराँ काही मीटरांनी उंच आहे, पण तो 1937 ला खुला झाला. त्याआधी शंभरहून अधिक वर्षं स्टेल्व्हिओच्या वर कुणी नव्हतं.

आता तुमच्या जुलैच्या सहलीचं बोलू. रस्ता साधारण मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला उघडतो आणि ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरमध्ये बंद होतो. नेमकी तारीख दर वर्षी बर्फ ठरवतो. जुलैत तो उघडा असतो, पण एखाद्या रात्री ताजं बर्फ पडून सकाळी काही तास बंद राहणं जुलैतही घडतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा सकाळी दक्षिण टिरोलच्या वाहतूक माहिती सेवेवर बघा. दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो, म्हणून चढाई सकाळी संपवा. शनिवार-रविवार नको. त्या दिवशी मोटरसायकली इतक्या येतात की तुमचं अर्धं लक्ष आरशात जाईल. उन्हाळा सरत आला की एक दिवस रस्ता मोटारींना बंद करून फक्त सायकलींना देतात. तो तुमच्या जुलैत येत नाही, पण तारखा ऑगस्ट-सप्टेंबरकडे सरकल्या तर तपासा.

नऊच्या आत ट्राफॉय सोडा असं माझं सांगणं आहे. ट्राफॉयच्या वर पहिला टप्पा झाडीतून जातो. तिथं वरच्या वळणावरून कोण उतरतंय ते दिसत नाही, म्हणून खिडकी खाली ठेवा, आवाज ऐकू येतो. झाडी संपली की फ्रान्झेन्सहोए लागतं, उंची 2,188 मीटर. तिथं थांबा. तिथून पुढची सगळी वळणं एका भिंतीवर मांडल्यासारखी समोर दिसतात. पुढे जाण्याआधी पाच मिनिटं उभं राहून वरची वाहतूक बघून घ्यावी. बस दिसली तर ती कुठल्या वळणावर भेटेल याचा अंदाज बांधता येतो. झाडी नसल्यामुळे वळण घेण्याआधी मान वर करून पुढचा टप्पा मोकळा आहे का ते पाहता येतं. या सवयीनं निम्मी अडचण संपते.

वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावरच पहिला गिअर टाका. वळणात गिअर बदलायला गेलात तर गाडी उभ्या चढावर अडखळते. उजव्या वळणाला आपल्या पट्ट्यातच थोडं डावीकडे राहून उशिरा वळा, म्हणजे मागचं आतलं चाक कठड्याला घासणार नाही. समोरून बस वळणात शिरलेली दिसली तर तुम्ही वळणाच्या अलीकडे थांबा. बसला वळणाची पूर्ण रुंदी लागते, तुम्ही आत शिरलात तर दोघंही अडकाल आणि मागे रांग लागेल. चढावर अरुंद जागी समोरासमोर आलात तर इटलीच्या नियमाप्रमाणे साधारणपणे उतरणाऱ्यानं थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची आणि मागे घ्यायची वेळ आली तर त्यानंच घ्यायची. आपल्या घाटांतही रीत हीच आहे. पण समोरच्याला मागे घेणं अवघड आणि तुमच्या मागेच मोकळी जागा असेल तर नियमावर अडून बसू नका. सायकलवाल्याला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवा, आणि जागा नसेल तर पुढच्या सरळ भागापर्यंत त्याच्या मागे चला. उतरताना तेच सायकलवाले तुमच्याहून वेगात येतील, त्यांना जाऊ द्या.

दोन टनांची गाडी 1,800 मीटर वर उचलायला निव्वळ सुमारे 10 किलोवॅट-तास ऊर्जा लागते. गाडी पेट्रोलची असली तर हे चढताना टाकीतून जातं, आणि उतरताना तेवढीच ऊर्जा कुठंतरी मुरवावी लागते. ती सगळी ब्रेकमध्ये मुरवायला गेलात तर ब्रेक तापून पायाखाली मऊ पडतात. म्हणून ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ऑटोमॅटिक असेल तर हातानं खालचा गिअर निवडा. जळका वास आला तर मोकळ्या जागी थांबून ब्रेक निवू द्या, तापलेल्या चकत्यांवर पाणी मुळीच ओतू नका. विजेवरच्या गाडीत उतारावर बॅटरी परत भरत जाते ही मोठी सोय. पण माथ्याजवळच्या हॉटेलात बॅटरी काठोकाठ भरून निघालात तर ती ऊर्जा घ्यायला बॅटरीत जागाच उरत नाही आणि सगळा भार नेहमीच्या ब्रेकवर येतो. वर भरायची असेल तर ऐंशी टक्क्यांवर थांबवा.

कॅरॅव्हॅन जोडून जायचा विचार असेल तर सोडा. लांब आणि जोड-वाहनांवर इथं निर्बंध आहेत, खालच्या गावातले फलक नीट वाचा. भाड्याची गाडी असेल तर ती स्वित्झर्लंडमध्ये न्यायची मुभा करारात आहे का हेही पाहून ठेवा, कारण परतीचा रस्ता मी तिकडूनच सांगणार आहे.

आई-बाबांबद्दल. पुणे आणि म्युनिक दोन्ही साधारण साडेपाचशे मीटरांवर. तिथून माथ्यावर पोचाल तेव्हा हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊण हिश्शाहूनही थोडा कमी झालेला असतो. बहुतेकांना जिना चढताना धाप लागण्यापलीकडे काही होत नाही. तरी हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि माथ्यावर दीडदोन तासांपेक्षा जास्त थांबू नका. वळणांनी मळमळत असेल तर त्या व्यक्तीला पुढे बसवा, भरपेट नाश्ता टाळा, ट्राफॉय आणि फ्रान्झेन्सहोए दोन्हीकडे उतरवून चालवा. जुलै असला तरी स्वेटर आणि वाऱ्यासाठी जाकीट हाताशी हवं. वर हॉटेलं, दुकानं, सॉसेजच्या टपऱ्या आहेत, गर्दी आणि गोंगाटही आहे. खिंडीचा माथा पाहून थोडी निराशा होईल, आधीच सांगतो. जरा वर तिबेट नावाचं उपाहारगृह आहे, तिथवर सावकाश चालत जा. ज्या दृश्यासाठी लोक एवढ्या लांबून येतात, ते 48 वळणांचं दृश्य तिथून खाली दिसतं.

उतरताना बोर्मिओकडे जाऊ नका. तो रस्ता वाईट नाही, स्पोंदालुंगाची वळणं सुंदर आहेत. पण मधले जुने बोगदे अरुंद आणि अंधारे आहेत, आणि तिथून म्युनिकला परतायला फार मोठा वळसा पडतो. त्याऐवजी माथ्यावरून तीनेक किलोमीटर खाली येऊन उंब्राइलला उजवीकडे वळा आणि स्विस बाजूच्या सांता मारिया गावात उतरा. या रस्त्यावर गर्दी कमी आणि कुरणं जास्त. महामार्ग नसल्यामुळे स्विस टोलचं स्टिकर लागत नाही. सीमा आहे, तेव्हा पासपोर्ट खिशात हवेत. आई-बाबांचा शेंगेन व्हिसा स्वित्झर्लंडलाही चालतो. सांता मारियाहून म्युस्टाइरला या. तिथला मठ शार्लमेनच्या काळातला आहे आणि 1983 पासून जागतिक वारसा यादीत आहे. भिंतींवरची बाराशे वर्षांपूर्वीची चित्रं बघायला तासभर तरी ठेवा. पुढे इटलीत शिरून ग्लुर्न्स हे तटबंदीचं छोटं गाव लागतं आणि तिथून रेशेनमार्गे तुम्ही घरच्या रस्त्याला लागता.

एका दिवसात म्युनिकहून येऊन परत जाणं होईल, पण करू नका. वळणांवर लागणारं लक्ष थकलेल्या माणसाकडे नसतं. प्राड किंवा ग्लुर्न्सला आदल्या रात्री मुक्काम करा. सकाळी रस्ता बंद निघाला किंवा ढग उतरले तर हट्ट नको. त्याच खोऱ्यात वर झुल्डेन गाव आहे, तिथून केबल कारनं ऑर्टलरच्या कुशीत जाता येतं. आणि गाडी चालवायचा धीर होत नसेल तर उन्हाळ्यात खोऱ्यातून माथ्यापर्यंत बस जाते. तिचे ड्रायव्हर या वळणांवर रोज जातात. मोठ्या काचेतून चौघांनाही दरी बघायला मिळेल, जी गाडी चालवणाऱ्याला कधीच नीट बघता येत नाही.